वाचणारा वेगळा, लिहिणारा वेगळा

खंडेनवमीच्या सकाळी अप्पांच्या बंदुकीला तीन वारस होते. गव्हाच्या गोड हुग्गीचं पातेलं शेगडीवरून उतरेपर्यंत एकही उरला नाही.

सकाळची बाजू आधी मांडून घेऊ. थोरला चन्नप्पा: बंदुकांचं दुकान त्याच्याकडे, दुकानाचा परवाना त्याच्या नावावर, आणि अप्पा गेल्यापासून घरची एकनळी बंदूकही त्याच्याच लोखंडी कपाटात जमा. मधला रेवणसिद्ध: सांगोल्याला डाळिंबाचा व्यापार, नवा बंगला, बंगल्याच्या हॉलमध्ये एक भिंत मुद्दाम रिकामी ठेवलेली. धाकटी राजश्री: अक्कलकोटला शिक्षिका. अप्पांनी नेम धरायला शिकवलं ते तिघांत फक्त तिलाच. हक्क तिघांचा सारखा होता, गरज कुणालाच नव्हती. भांडायला याहून सोयीची वस्तू मिळत नाही.

दुकानावरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरात, रेवणनं आणलेल्या साडीची घडी चन्नप्पाच्या बायकोनं, दाक्षायणीनं, उलगडली नाही. काठ तेवढा बोटानं चाचपला. इरकल होती, आणि अस्सल होती. म्हणजे दिराला बंदूक खरोखरच हवी होती.

"वहिनी, अण्णा काय म्हणतोय बंदुकीचं?" रेवणनं दारातूनच विचारलं.

"ते बोलतात खाली दुकानात. वर नुसतं जेवतात."

"तसं न्हाय वो. नवीन घर हाय, अप्पांचा फोटो लावणार, खाली बंदूक. चार लोकं येतात-जातात..."

"लोकांना दाखवायला पायजे व्हय?" राजश्री खाली बसून लसूण सोलत होती. "मग खेळण्यातली आण की. लांबून कळत न्हाय."

"आणि तू काय करणार? नववी ब ला भ्या दाखवणार?"

"मी निदान चालवलेली हाय. तू एकदाच घोडा वढलास आणि अप्पांच्या मांडीवर जाऊन रडलास."

"सहा वर्साचा होतो की गं!"

दाक्षायणी हसली, पण तोंड पातेल्याकडे करून. परवापर्यंत तिचं मत होतं की बंदूक नणंदेला जावी. मास्तरणीच्या घरात ती निमूट पडून राहील. साडीनं ते मत थोडं सांगोल्याकडे कललं होतं. नवऱ्यानं ती स्वतःकडे ठेवावी, असं मात्र तिला कधीच वाटलं नव्हतं. इतकी वर्षं दुनियेच्या बंदुका पायाखालच्या मजल्यावर झोपत होत्या, एखादी तरी घराबाहेर पडावी.

"आत्या कुठायत?" राजश्रीनं विचारलं.

"कुटं असणार? पहाटेपासनं खाली. घासायल्यात."

मथुराआत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण; अप्पांना ती सिद्दू म्हणायची. नवरा गिरणीत होता; तो गेला आणि ती एक ट्रंक घेऊन भावाकडे आली, तेव्हा अप्पांनी दुकान नुकतंच हातात घेतलं होतं. तेव्हापासून या घरातलं तांबं-पितळ चिंच आणि राखेनं घासणं हे तिचं खातं. त्यात दुसऱ्या कुणी हात घातलेला तिला खपत नाही. नवऱ्याच्या मागं तिला चहा-साखरेपुरती पेन्शन मिळते, आणि त्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेलं की यंत्रावर तिचा अंगठा उमटत नाही. बँकेतला पोरगा तो पुसतो, तेल लावतो, दाबून धरतो आणि शेवटी म्हणतो, "आजी, सरकारला तुमी सापडंना झालाव."

"मी कुटं हरवली हाय?" आत्या विचारते. "हितंच तर हाय की."

*

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. आत घोंगडीवर बंदुका मांडल्या होत्या. प्रत्येकीवर विभूतीची तीन बोटं, एक झेंडूचं फूल. रेवण वाकून आत आला आणि लहानपणीसारखाच वास घेऊन थांबला. तेल, धूप आणि लोखंड.

आता विक्री नावालाच उरली होती. दुकान चालायचं ते काडतुसांवर, दुरुस्तीवर आणि सांभाळण्यावर. निवडणुकीत जमा केलेल्या आणि मालकाला पुन्हा आठवण न झालेल्या बंदुका इथं होत्या. मालक वारला, वारसांचं मिटलं नाही, म्हणून ठेवलेल्याही होत्या. अशा बंदुका कधीकधी भांडणाऱ्यांपेक्षा जास्त जगतात, असं अप्पा म्हणायचे.

चन्नप्पा मांडी घालून बसला होता. समोर त्याची मुलगी शिवानी, मांडीवर रजिस्टर, हातात मोबाइल. तपासणी परवा होती, आणि नव्यानं आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांनी जमा असलेल्या प्रत्येक बंदुकीच्या नंबरचा जवळून काढलेला फोटो मागितला होता.

"आता सगळं ऑनलाइन आहे ना काका," शिवानी रेवणला म्हणाली. "परवानाधारकाला एक नंबर, त्याच्या खाली त्याची हत्यारं. बंदुकीचं आधारकार्डच म्हणा."

"मग वारसाचं नावबी त्यातच चढतंय व्हय?"

"चढतंय. आधी नंबर जुळायला पाहिजे."

काम चाललं होतं ते अप्पांनी घालून दिलेल्या रिवाजानं. वाचणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. एकानं धातूवर बोट ठेवून एकेक आकडा वाचायचा, दुसऱ्यानं वहीत बघून तो परत म्हणायचा, आणि वाचणाऱ्यानं वहीत बघायचंच नाही. डोळ्याला जे माहीत असतं तेच तो बघतो, म्हणून. या रिवाजापायी अप्पांनी एका बड्या असामीची बंदूक एका आकड्यावरून दारातून परत पाठवली होती. तो माणूस पुढं वर्षभर यांच्या घरच्या लग्नाकार्याला आला नाही. अप्पा म्हणाले, "त्याचा आहेर वाचला, आपला परवाना वाचला."

शेवटी अप्पांची बंदूक आली. आजोबांच्या काळची, रानडुकरांपासून पीक राखायला घेतलेली, गावठी कारागिराच्या हातची. नळीवर काहीच नव्हतं. नंबर होता तो घोड्याखालच्या पितळी पट्टीवर, तहसिलीतल्या माणसानं हातानं कोरलेला. आत्यानं ती घासून अशी काढली होती की पट्टी उजेडात दिव्यासारखी पेटली. कोपऱ्यात पाट टाकून बसलेली आत्या कौतुकानं बघत होती.

चन्नप्पानं बोट ठेवलं. "चार," तो म्हणाला. "सात. एक..."

"पप्पा, बोट काढा. फोटोत येतंय."

त्यानं बोट काढलं. शिवानीनं मोबाइल जवळ नेला, लांब नेला, तिरका केला. मग फोटो काढला आणि तो बघत बसली.

"काय झालं?"

"माझं नाक आलंय," ती म्हणाली. "नंबर नाही आला."

भिंग आणलं. शटर वर सारून बंदूक उजेडाकडे फिरवली. पट्टीच्या एका टोकाला काहीतरी वाटोळं होतं. शून्य असेल, नऊ असेल, नुसता ओरखडाही असेल. बाकी आरसा.

रेवणनं भावाकडे पाहिलं. चन्नप्पाचं तोंड अजून पुढचा आकडा म्हणायच्या बेतात उघडं होतं. तो आकडा त्याला पाठ होता. सगळ्या घराला पाठ होता, लहानपणी अप्पांनी तो पाढ्यासारखा घोकून घेतला होता.

"पप्पा, गेल्या वर्षी जमा करताना हा वाचला कुणी?"

चन्नप्पानं बंदूक खाली ठेवली. "अप्पांचा तिसरा दिवस होता. परवान्यावरनं उतरवून घेतला. मीच वाचला, मीच लिहिला." मग जरा वेळानं, "घरचीच बंदूक की."

*

शटर पुन्हा खाली आलं. राजश्रीला वरून बोलावून घेतलं, तिच्या मागोमाग पदराला हात पुसत दाक्षायणी आली. चन्नप्पानं थोडक्यात सांगितलं. नंबर खोडलेली बंदूक ज्याच्याजवळ, त्यानंच तो खोडला असं कायदा धरून चालतो. नाही खोडला, हे त्यानं सिद्ध करायचं. आणि ज्याच्याजवळ सापडली तो बंदुकांचा दुकानदार असेल, तर दुकानाचा परवानाही जाऊ शकतो.

मग रेवण बोलला.

"मला वाटतंय अण्णा, बंदूक अक्कलकोटलाच जाऊ दे. राजूचा नेम चांगला हाय. अप्पांचीबी तीच इच्छा होती."

"आता आटवली व्हय अप्पांची इच्छा?" राजश्री म्हणाली. "मी नोकरीवाली बाई, दादा. माझ्या नावावर असली भानगड चालत न्हाय. तुझी भित रिकामीच हाय की."

"त्या भितीवर मी टीव्ही लावणार हाय."

"कधीपासनं?"

"आत्तापासनं!"

या दोघांचं लहानपणापासून एका गोष्टीवर एकमत झालेलं चन्नप्पाला आठवत नव्हतं. ते पुढच्याच मिनिटाला झालं. रेवण टेबलाकडे गेला आणि खणातून लाकडी पेटी काढून आणली. जमा बंदुकांना बांधायच्या पितळी बिल्ल्यांवर आकडे ठोकायचे पोलादी ठसे त्यात होते.

"नंबर पाठ हाय, परवान्यावर हाय, वहीत हाय," रेवण म्हणाला. "एका पट्टीवरच न्हाय. ठोक की मग. आपण काय खोटं करायलोय? हाय तोच तर नंबर."

"खोटा न्हाईच तो," राजश्री म्हणाली. "पुसलेलं परत गिरवणं म्हणजे खोटं न्हवं."

"किती वेळ लागंल?" दाक्षायणीनं विचारलं. तिचा हिशेब सरळ होता. वरचं पातेलं खालच्या शटरावर शिजत होतं.

"धा मिनिटं."

"मग ठोका आणि जेवायला या."

चन्नप्पानं शिवानीकडे पाहिलं. दुकानाच्या परवान्यावर तिचंही नाव घालायचा अर्ज गेलेला होता. सगळ्यांत जास्त जाणार होतं ते तिचं.

"तू काय म्हणतीस?"

"ठोकाल, पप्पा," ती हळू म्हणाली. "मग परवा साहेबांसमोर बोट ठेवून वाचणार कोण? मला नाही जमणार."

चन्नप्पानं बंदूक पुढ्यात ओढली. पट्टीखाली फडकं घातलं, पेटीतून चाराचा ठसा काढला, हातोडी घेतली. आपल्या हाताचं त्याला नवल वाटलं. हजार बिल्ले ठोकलेला हात, त्याला हे काम आणि ते काम सारखंच. ठसा पितळेवर उभा राहिला.

"चन्ना," कोपऱ्यातून आत्या म्हणाली. "पितळ नरम झालंय आता. हळू मार."

"व्हय आत्या."

"सिद्दूबी दर साली म्हणायचा. मी घासायला बसली की येऊन हुबा ऱ्हायचा. अक्का, हळू घास गं. हळू घास." ती हसली. बोळक्या तोंडाचं हसू. "मी म्हणायची, अरे, माझी बोटं काय दुखत न्हाईत. तुझी वस्तू हाय, लख्ख नको व्हय? मग गप बसायचा. काय बोलायचा न्हाय. पुढल्या साली परत आपलं तेच. अक्का, हळू घास."

हातोडी हवेतच राहिली.

राजश्रीला आधी कळलं. तिनं भिंतीवरच्या अप्पांच्या फोटोकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग रेवणला कळलं.

"म्हणजे अप्पांना म्हाईत होतं," तो म्हणाला. "दुनियेच्या बंदुकांचे नंबर बोट घालून वाचणारा माणूस. दर साली जरा जरा जाताना बघत होते."

"आणि गप बसले," राजश्री म्हणाली. "बोलले असते तर आत्यानं परत हात लावला असता का पितळंला?"

"मग तुमीबी बसा की गप," दाक्षायणी म्हणाली, पण तिचा आवाज खाली आला होता. "ठोका आणि बसा."

"अप्पा गप बसले, त्ये खरं," चन्नप्पा म्हणाला. ठसा त्यानं अजून उचलला नव्हता. "पण ही पेटी त्यांच्याबी हाताशी होती. याच खणात. इतकी वर्सं. ठोकलं न्हाई त्यांनी."

त्यानं चाराचा ठसा पेटीत त्याच्या घरात ठेवला, पेटी मिटली आणि फोन उचलला.

*

फोनवर चन्नप्पा उभा राहून बोलला. "साहेब, परवा नको, आज या. एक जमा बंदूक हाय, नंबर दिसत न्हाय. न्हाय, दुसऱ्या कुणाची न्हाय, आमचीच... व्हय. नोंद मी न बघता केली."

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. तो "व्हय" आणि "बरं" एवढंच म्हणत राहिला.

"काय म्हणाले?" दाक्षायणी.

"कशाला हात लावू नका म्हणाले. पंचनामा करायला निघालेत. तोवर दुकान बंद." फोन ठेवताना तो थांबला. "किती दिवस बंद, ते सांगितलं न्हाय. गुन्हा नोंदवायचा का, ते वरचे साहेब बघतील म्हणाले."

दाक्षायणी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. सणाचा स्वयंपाक वर निवत होता.

"तू काय शहाणपणा केलास, तुला कळंना झालंय," रेवण म्हणाला. "सांगोल्याला माझी पूजा राहिलीया. मी निघतो." तो शटरखालून वाकून बाहेर गेला. गाडीचं दार वाजलं, गाडी सुरू झाली. सगळे ऐकत होते. गाडी सुरूच राहिली. हलली मात्र नाही.

आत्या पाटावरून उठली. कुणी काही सांगितलं नव्हतं, पण ऐंशी ओलांडलेल्या बाईला स्वतःभोवतीचं कुजबुजणं कळत नाही असं मानणारी मंडळी वयानं लहान असतात.

"माझ्यामुळं झालंय व्हय रे, चन्ना?"

"न्हाय आत्या."

"खोटं बोलू नकोस. तुला जमत न्हाय. चिंचंनं गेलं का राखंनं?"

राजश्रीनं तिचा हात धरला. "दोन्हीनं, आत्या. लई प्रेमानं घासलंस तू."

"मग माझं नाव लिहा. पोरगं सणासुदीला ठाण्यात जाणार आणि मी हुग्गी खाऊ व्हय? सांगा त्या सायबाला, घासणारी म्हातारी हाय म्हणून."

"सांगणार," चन्नप्पा म्हणाला. "मी न बघता लिहिलं, त्ये माझं. त्ये तुला घेता येणार न्हाय. पण एक काम कर. शिवानी, रजिस्टर घे. नवी ओळ. जुन्या नोंदीला हात लावायचा न्हाय, ती हाय तशी ऱ्हाऊ दे. आज काय दिसतंय त्ये खाली लिहायचं. लिहिणारी तू. वाचणारी आत्या."

"मला कुटं वाचता येतंय?"

"आज जे वाचायचंय, त्ये तुलाच येतंय."

त्यानं तिला बंदुकीजवळ बसवलं, तिचं उजव्या हाताचं बोट धरून पट्टीवर टेकवलं आणि आपला हात काढून घेतला. आत्या डोळे मिटून बोट फिरवू लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत.

"हितं होतं," ती म्हणाली. "खरखरीत लागायचं बोटाला. मुंग्यांच्या वळीवानी. चिंच लावताना मी मनात म्हणायची, ही सिद्दूच्या मुंग्यांची वळ." बोट थांबलं. "आता लागत न्हाय काई."

"नंबर?" शिवानीनं रिवाजाप्रमाणे विचारलं.

"न्हाय."

"नाही," शिवानीनं परत म्हटलं आणि लिहिलं.

पुढचा रकाना वाचणाऱ्याच्या सहीचा. चन्नप्पानं शाईचं पॅड उघडलं. आत्यानं अंगठा दाबला, कागदावर टेकवला, नीट उचलला, बँकेत शिकवलं होतं तसा. कागदावर निळा गोल उमटला. शिवानीनं तो उजेडाकडे धरला. गोलात एकही रेष नव्हती.

"पप्पा, हा तर कुणाचाही असू शकतो. साहेब विचारतील."

"पुसून परत देऊ व्हय?" आत्यानं पदर पुढं केला. "जरा घासून बघते."

"नको," चन्नप्पा म्हणाला. "नको आत्या. हाय तसाच ऱ्हाऊ दे."

त्यानं शिवानीच्या हातातलं पेन घेतलं. शेजारी नाव लिहिलं, मथुराबाई. नात्याच्या जागी लिहिलं, मयताची थोरली बहीण. आणि खाली, जे दोन शब्द गेल्या वर्षी खरे नसताना लिहून टाकले होते, ते आज बघून, थांबून, एकेक करून लिहिले: समक्ष पाहिले.

बाहेर इंजिन बंद झालं. रेवण शटर वर उचलत होता, आणि आवाजावरून त्याच्याबरोबर आणखी कुणीतरी होतं.